मुंबईत पाडलेली परदेशी नाणी: जुन्या नाण्यांच्या संग्रहाची सुरुवात कशी करावी

ऑस्ट्रेलियाची १९४२ सालची पेनी कधी हाती लागली तर भिंगाखाली धरून बघा. काशाचं मोठं, तपकिरी नाणं. एका बाजूला सहावे जॉर्ज, दुसऱ्या बाजूला उडी घेतलेला कांगारू. काही नाण्यांवर राजाच्या मानेखाली इंग्रजी ‘आय’ हे बारीक अक्षर सापडतं आणि मागच्या बाजूला ‘पेनी’ या शब्दाच्या अलीकडे-पलीकडे एकेक ठिपका. हे अक्षर असेल तर ती पेनी मेलबर्न किंवा पर्थची नव्हे. ती आपल्या फोर्टमध्ये, शहीद भगतसिंग रस्त्यावरच्या मुंबई टाकसाळीत पाडलेली आहे.

परदेशी नाणी जमवायला लागलेले बहुतेक जण देश मोजायला लागतात. पन्नास देश झाले, साठ झाले, मग शंभर. दोन-तीन वर्षांत डबा भरतो आणि उत्साह ओसरतो, कारण एका नाण्याचा दुसऱ्याशी काही संबंध नसतो. माझं आग्रहाचं म्हणणं असं की संग्रहाला पहिल्यापासून एक सूत्र असावं. मराठी माणसासाठी मला सर्वांत सुंदर वाटणारं सूत्र म्हणजे मुंबईत पाडली गेलेली, पण भारताबाहेर चाललेली नाणी. त्यात ऑस्ट्रेलिया येतो, पूर्व आफ्रिका येते, हाँगकाँग आणि सिंगापूरची बंदरं येतात, इथिओपिया आणि येमेनचे बाजार येतात. स्वस्त काशाच्या नाण्यापासून सोन्यापर्यंत सगळे धातू येतात. नाणी ओळखण्याच्या जवळजवळ सगळ्या युक्त्या या एका सूत्रावर शिकता येतात, म्हणून पुढच्या सगळ्या पायऱ्या मी त्याच्याच आधाराने सांगणार आहे.

पहिली पायरी: घरातलं आधी बाहेर काढा

विकत घेण्याआधी घरात शोधा. कोकणात बोटीवर नोकरी केलेल्यांची घरं गावोगाव आहेत. आखातात, पूर्व आफ्रिकेत, मलायात राहून आलेली माणसं प्रत्येक मोठ्या कुटुंबात एखादी तरी असतात. गोव्यात पोर्तुगीज काळातली नाणी अजून देवघराच्या खणात सापडतात. मोठ्यांना विचारा आणि नाण्याबरोबर गोष्टही विचारा. कोण कुठे होतं, कोणत्या साली होतं, हे त्याच दिवशी लिहून ठेवा. नाण्याची माहिती पुढे कुठेही मिळेल, ही मिळणार नाही.

सापडलेली नाणी धुऊ नका, पुसूही नका. मऊ कापड पसरून त्यावर मांडा आणि तीन ढीग करा: इंग्रजी वळणाची अक्षरं असलेली, अरबी वळणाची आणि बाकीच्या लिप्यांची. मग प्रत्येक ढिगावरून चुंबक फिरवा. चुंबकाला चिकटणारी नाणी पोलादाची किंवा निकेलची असतात, म्हणजे बहुधा गेल्या शतकातली किंवा त्यानंतरची. चांदी, सोनं, तांबं आणि कासं चिकटत नाही. एवढ्यावर लक्ष देण्याजोगी नाणी वेगळी निघतात.

दुसरी पायरी: साधनं

फार खर्च नाही. दहापट मोठं दाखवणारं भिंग, घड्याळजी वापरतात तसलं. ०.०१ ग्रॅमपर्यंत वजन दाखवणारा छोटा डिजिटल काटा. व्यास मोजायला व्हर्नियर कॅलिपर, शक्यतो प्लास्टिकच्या जबड्याचा, म्हणजे नाण्याला ओरखडा पडत नाही. एक चुंबक आणि हव्या त्या कोनात वळवता येईल असा दिवा. उजेड तिरका पाडला की झिजलेली अक्षरं वर येतात, हे एकदा करून पाहिल्यावर कळतं.

नाणं नेहमी कडेला, अंगठा आणि तर्जनी यांमध्ये धरायचं. बोटांवरचा घाम आणि तेल काशावर कायमचे ठसे सोडतं. धरताना खाली मऊ कापड असावं, कारण फरशीवर पडलेल्या नाण्याच्या कडेला खाच पडते आणि ती दुरुस्त होत नाही.

तिसरी पायरी: नाणं वाचायला शिका

नाण्यावर देशाचं नाव आपल्या ओळखीच्या रूपात असेलच असं नाही. हेल्व्हेशिया म्हणजे स्वित्झर्लंड, सुओमी म्हणजे फिनलंड, माग्यार म्हणजे हंगेरी, नोर्गे म्हणजे नॉर्वे. ब्रिटिश नाण्यांवर तर देशाचं नावच नाही, राजाचं नाव आणि लॅटिन बिरुदं आहेत. त्या बिरुदांत ‘इंड. इम्प.’ ही दोन संक्षिप्त रूपं दिसली की अर्थ होतो हिंदुस्थानचा सम्राट. आपल्या स्वातंत्र्यानंतर ही अक्षरं काढली गेली आणि १९४९ पासूनच्या ब्रिटिश नाण्यांवर ती नाहीत. साल पूर्ण झिजलेलं असलं तरी सहाव्या जॉर्जच्या नाण्याचा काळ यावरून ठरवता येतो.

सालांकडे वळू. अरबी अंक एकदा डोळ्यात बसवा: शून्य म्हणजे ठिपका, पाच आपल्या शून्यासारखा दिसतो, सहा इंग्रजी साताच्या जवळ जातो, सात म्हणजे इंग्रजी ‘व्ही’ आणि आठ म्हणजे तोच ‘व्ही’ उलटा. साल हिजरी असेल तर त्याला ०.९७ ने गुणून ६२२ मिळवा. १३७८ हिजरी म्हणजे १९५८–५९. इराणच्या विसाव्या शतकातल्या बहुतेक नाण्यांवर सौर साल असतं, त्यात ६२१ मिळवायचे. थायलंडच्या बौद्ध सालातून ५४३ वजा करायचे. नेपाळची नाणी आपल्याला सोपी, कारण अंक देवनागरीच. विक्रम संवतातून ५७ वजा केले की झालं. जपानी नाण्यांवर सम्राटाच्या कारकिर्दीचं वर्ष असतं. मेइजी असेल तर १८६७, ताइशो असेल तर १९११, शोवा असेल तर १९२५ आणि हेइसेइ असेल तर १९८८ मिळवा.

यानंतर टाकसाळीची खूण शोधायची. बहुतेक नवशिके इथे थांबतात, कारण खूण फार बारीक असते आणि कुठे शोधायची हे माहीत नसतं. ब्रिटिश साम्राज्यातल्या नाण्यांवर ‘एच’ म्हणजे बर्मिंगहॅमची हीटन टाकसाळ, ‘केएन’ म्हणजे किंग्ज नॉर्टन, ‘एसए’ म्हणजे दक्षिण आफ्रिकेतली प्रिटोरिया. ‘आय’ म्हणजे इंडिया. ती मुंबईची खूण असू शकते, कोलकात्याचीही असू शकते. सालावरून ठरवावं लागतं.

ओळख पक्की करण्यासाठी जागतिक नाण्यांच्या यादीतला क्रमांक वापरतात. क्राउझ आणि मिश्लर यांच्या नावावरून त्याला ‘केएम’ क्रमांक म्हणतात. न्युमिस्टा या संकेतस्थळावर फोटो, वजन, व्यास आणि हा क्रमांक फुकट पाहता येतो. तुमचं नाणं आणि तिथला फोटो यांत एखादं अक्षर जरी वेगळं दिसलं तरी पुढे जाऊ नका. ते वेगळ्या सालचं असेल, वेगळ्या टाकसाळीचं असेल किंवा खोटं असेल.

चौथी पायरी: मुंबईची पाच नाणी

पाच नाणी सांगतो. याच क्रमाने मिळवावीत, कारण प्रत्येक नाणं पुढच्यासाठी डोळा तयार करतं.

पहिली अर्थातच ऑस्ट्रेलियाची पेनी आणि तिची धाकटी बहीण हाफपेनी, दोन्ही १९४२ आणि १९४३ च्या. दुसऱ्या महायुद्धात ऑस्ट्रेलियातल्या टाकसाळींना चिल्लर पुरवता येईना. तेव्हा चांदीची काही नाणी अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्को आणि डेन्व्हर इथे पाडून घेतली आणि काशाची काही मुंबईत. पेनीचं वजन सुमारे ९.४ ग्रॅम, व्यास जेमतेम ३१ मिलिमीटर. ही नाणी ऑस्ट्रेलियात भरपूर चालली, त्यामुळे झिजलेली कमी पैशांत मिळतात. तिथे राहणारे नातेवाईक असतील तर त्यांना सांगून ठेवा. तिकडच्या जुन्या बाजारात विक्रेते अशा पेन्यांचे ढीग ठेवतात. घेताना मानेखालचं अक्षर आणि मागचे दोन ठिपके, दोन्ही तपासा.

दुसरं नाणं पूर्व आफ्रिकेचं शिलिंग, साल १९४२ किंवा १९४३, खूण ‘आय’. डोंगरांसमोर उभा सिंह. केनिया, युगांडा आणि टांगानिकात हे चाललं. वजन ७.७८ ग्रॅमच्या आसपास, पण चांदी फक्त २५ टक्के. म्हणून चालून चालून ते पिवळट, मळकट दिसतं आणि ‘चांदीचं असूनही असं का’ असा प्रश्न पडतो. तो रंग मिश्रधातूचा आहे, खोटेपणाचा नव्हे. याच प्रदेशाची मधोमध भोक असलेली पाच आणि दहा सेंटची नाणीही बघून ठेवा. त्यांतली १९३६ ची काही आठव्या एडवर्डच्या नावाची आहेत. त्याने वर्ष पुरं व्हायच्या आत गादी सोडली, त्यामुळे त्याच्या चेहऱ्याची नाणी ब्रिटनमध्ये व्यवहारात आलीच नाहीत. भोकाच्या नाण्यावर चेहऱ्याला जागा नसल्याने इथे नुसतं नाव कोरलं गेलं आणि ती चलनात गेली. ती मुंबईची नाहीत, पण आठव्या एडवर्डचं खरं नाणं इतक्या कमी किमतीत दुसरीकडे मिळणं कठीण आहे.

तिसरं नाणं ब्रिटिश व्यापारी डॉलर. माझ्या मते मुंबई टाकसाळीचं हे सर्वांत देखणं काम. १८९५ पासून १९३५ पर्यंत, मधली काही वर्षं सोडून, ते पाडलं गेलं, तेही मुख्यतः मुंबईत. पूर्वेकडच्या व्यापारात मेक्सिकन डॉलर कमी पडू लागले होते, त्यांची जागा भरायला ब्रिटिशांनी हे नाणं काढलं. दर्शनी बाजूला त्रिशूळ आणि ढाल घेऊन उभी ब्रिटानिया, म्हणजे ब्रिटनचं स्त्रीरूपातलं प्रतीक, मागे समुद्रात जहाज. दुसऱ्या बाजूला चिनी आणि अरबी वळणाच्या मलाय लिपीत ‘एक डॉलर’. मुंबईची खूण ‘बी’, आणि ती कुठे, तर त्रिशूळाच्या मधल्या टोकावर. भिंगाशिवाय ती दिसत नाही. कोलकात्याचा ‘सी’ ब्रिटानियाच्या डाव्या पायापाशी, ढालीच्या बुडाजवळ असतो. खूणच नसेल तर ते लंडनचं. वजन २६.९५ ग्रॅम, व्यास ३९ मिलिमीटर, चांदी ९० टक्के.

या डॉलरवर पुष्कळदा लहान लहान चिनी शिक्के ठोकलेले दिसतात. चीनमधले व्यापारी आणि सराफ नाणं पारखून घेतल्याची खूण म्हणून ते मारत. काही संग्राहक असं नाणं डागाळलेलं मानतात आणि त्याची किंमत कमी धरतात. मला ते अधिक जिवंत वाटतं: मुंबईत पाडलेली चांदी कॅन्टनच्या पेढीवर कोणाच्या तरी हातून तपासली गेली, याचा पुरावा त्याच नाण्यावर आहे. पहिलं व्यापारी डॉलर घेताना शिक्क्यांचं घ्या. स्वस्त पडेल आणि शिकायला जास्त मिळेल. १९२१ आणि १९३५ या सालांची नाणी मात्र अतिशय दुर्मीळ आहेत. ती कोणी पदपथावर दाखवली तर हात आखडता घ्या.

चौथं मारिया तेरेसा थालर. ऑस्ट्रियाची ही सम्राज्ञी १७८० मध्ये वारली, पण तिच्या चेहऱ्याचं आणि १७८० हेच साल असलेलं नाणं पुढे दोन शतकं पाडलं जात राहिलं, कारण इथिओपिया, सुदान, येमेन आणि अरबस्तानातले व्यापारी दुसऱ्या नाण्यावर विश्वास ठेवत नसत. १९३५ मध्ये इटलीने ऑस्ट्रियाकडून याचे ठसे मिळवले. मग ब्रिटिशांनी स्वतःच ते लंडनमध्ये पाडायला घेतलं आणि युद्धकाळात, १९४०–४१ च्या सुमारास, मुंबईतही. वजन २८.०७ ग्रॅम, चांदी ८३.३ टक्के, चेहऱ्याखाली ‘एसएफ’ ही अक्षरं आणि कडेवर न्याय व दया अशा अर्थाचं लॅटिन वचन. मुंबईचं थालर व्हिएन्नाच्या थालरपासून वेगळं ओळखायला सम्राज्ञीच्या ब्रोचवरचे मोती, मागच्या बाजूच्या गरुडाची पिसं असे तपशील मोजावे लागतात. हे अनुभवी डोळ्याचं काम आहे. तेव्हा सुरुवातीला टाकसाळीचा हट्ट न धरता चांगलं खरं थालर घ्या. कोणी ‘हे मुंबईचंच’ म्हणून जास्त पैसे मागत असेल तर ते कशावरून, हे त्याला भिंगाखाली दाखवायला सांगा.

पाचवं सोन्याचं: १९१८ चं सॉवरिन, आपण घरात ज्याला गिनी म्हणतो ते. पहिल्या महायुद्धात लंडनच्या रॉयल मिंटची एक शाखा मुंबईच्या टाकसाळीत उघडली. तिथे फक्त १९१८ या सालाची सॉवरिन पाडली गेली आणि १९१९ मध्ये शाखा बंद झाली. घोड्यावरच्या संत जॉर्जच्या पायाखालच्या जमिनीवर, सालाच्या वर मधोमध ‘आय’. वजन ७.९९ ग्रॅम, २२ कॅरट. महाराष्ट्रातल्या पुष्कळ घरांत गिन्या आहेत. कुठे माळेत ओवलेल्या, कुठे कडी डाग देऊन जोडलेल्या. आपल्या घरातली गिनी एकदा भिंगाखाली पाहा. कडी जोडलेली असेल तर संग्राहकाच्या लेखी किंमत सोन्यापुरतीच राहते, पण म्हणून ती कडी काढू नका. काढताना नाण्याचं आणखी नुकसान होतं, आणि आजीच्या गळ्यातली माळ तशीच राहण्यात अर्थ आहे.

पाचवी पायरी: खरं की खोटं

व्यापारी डॉलरच्या नकला बाजारात अक्षरशः ढिगाने आहेत. म्हणून चाचणीचा क्रम पाठ असू द्या. आधी चुंबक. मग वजन: २६.९५ च्या जागी २० किंवा २३ ग्रॅम भरलं तर विषय संपला. झिजेने काही दशांश ग्रॅम कमी होऊ शकतात, तीन-चार ग्रॅम नाही. मग व्यास. मग भिंगातून अक्षरं. खऱ्या नाण्यावर चिनी अक्षरांच्या कडा धारदार असतात आणि काठाची नक्षी स्वच्छ. ओतून केलेल्या नकलेत अक्षरं फुगीर, गुळगुळीत दिसतात, पृष्ठभागावर सुईच्या टोकाएवढे खड्डे असतात आणि कधी कडेवर जोड दिसतो.

वजन आणि व्यास बरोबर असूनही शंका वाटली तर पाण्याची चाचणी करा. काट्यावर पाण्याचा पेला ठेवा आणि काटा शून्यावर आणा. नाण्याला बारीक दोरा बांधून ते पाण्यात पूर्ण बुडेल, पण तळाला आणि काचेला टेकणार नाही, असं हातात धरून ठेवा. काटा जो आकडा दाखवेल त्याने नाण्याच्या कोरड्या वजनाला भागा, म्हणजे घनता मिळते. ९० टक्के चांदीची घनता १०.३ च्या आसपास, म्हणजे व्यापारी डॉलरला काटा साधारण २.६ ग्रॅम दाखवेल. पितळेची नक्कल तेवढ्याच वजनाची असेल तर आकडा ३.१ च्या पुढे जाईल. मारिया तेरेसाला २.७५ आणि सॉवरिनला ०.४५ च्या जवळपास आकडा यायला हवा. नाण्यावर चिकटलेले हवेचे बुडबुडे दोऱ्याने हलवून घालवा, नाहीतर उत्तर चुकतं. चाचणीनंतर नाणं घासू नका, टिपकागदावर ठेवून वाळू द्या.

जुने सराफ नाणं दगडावर वाजवून पाहत. तसं करू नका, एका आपटण्यात कड जाते.

सहावी पायरी: कुठे घ्यायचं, किती द्यायचं

मुंबईत फोर्टच्या पदपथांवर आणि चोरबाजारात, पुण्यात रविवारी आणि बुधवारी भरणाऱ्या जुन्या बाजारात परदेशी नाण्यांची ताटं दिसतात. तिथे काशाची आणि निकेलची नाणी खुशाल चाळा. किलोवर किंवा नगावर मिळणाऱ्या ढिगात ‘आय’ खुणेची पेनी लपलेली असू शकते. चांदी आणि सोनं मात्र पावती देणाऱ्या, चूक निघाल्यास परत घेणाऱ्या विक्रेत्याकडूनच घ्या. पुण्या-मुंबईत नाणेसंग्राहकांची प्रदर्शनं भरतात. पहिल्या प्रदर्शनात काहीच विकत न घेता नुसतं पाहत फिरा. एकाच नाण्याचे चार टेबलांवर चार भाव कळतात आणि कोणता विक्रेता भिंग पुढे करून समजावतो तेही कळतं.

चांदीच्या नाण्याचा किमान भाव स्वतः काढता येतो. व्यापारी डॉलरमध्ये शुद्ध चांदी सुमारे २४.२६ ग्रॅम, मारिया तेरेसामध्ये २३.४, पूर्व आफ्रिकेच्या शिलिंगमध्ये जेमतेम १.९४. सॉवरिनमध्ये शुद्ध सोनं ७.३२ ग्रॅम. त्या दिवशीच्या दराने गुणा. त्यावरचा पैसा हा दुर्मीळपणाचा आणि स्थितीचा. खरं व्यापारी डॉलर कोणी चांदीच्या निम्म्या भावात देत असेल तर ते खरं नाही.

स्थितीच्या पायऱ्या इंग्रजी नावांनीच चालतात: फाइन, व्हेरी फाइन, एक्स्ट्रीमली फाइन, अनसर्क्युलेटेड. त्या ठरतात नाण्याच्या सर्वांत उंच भागांवर, कारण झीज तिथे आधी होते. सहाव्या जॉर्जची भुवई आणि कानावरचे केस, ब्रिटानियाच्या अंगावरच्या वस्त्राच्या चुण्या, सिंहाची आयाळ बघा. फाइन आणि अनसर्क्युलेटेड यांच्या भावात कित्येक पटींचा फरक पडतो. सुरुवातीला व्हेरी फाइन ही पायरी धरा: सगळे तपशील दिसतात आणि खिशालाही झेपतं.

‘तुमचं जुनं नाणं लाखोंना विकत घेतो’ असे निरोप फोनवर येतात. आधी नोंदणीचे पैसे, मग कर, मग कमिशन असं मागत जातात. रिझर्व्ह बँकेचं नाव वापरून हे चालतं, आणि आपण असे व्यवहार करत नाही व त्यासाठी कोणतंही शुल्क घेत नाही, असं बँकेने २०२१ मध्ये जाहीरपणे बजावलं आहे. विकण्यासाठी आधी पैसे भरायला सांगणारा कोणीही असो, फोन ठेवून द्या.

सातवी पायरी: घासायचं नाही

चिंच, लिंबू, राख, भांड्यांची पावडर, टूथपेस्ट यांतलं काहीही नाण्याला लावू नये. काशावरचा तपकिरी थर आणि चांदीवरची काळसर-निळसर छटा हे वर्षानुवर्षांनी चढलेलं कातडं आहे. ते गेलं की चकाकी येते, पण भिंगाखाली बारीक चरे दिसतात आणि जाणकार ते नाणं बाजूला ठेवतो. फारच माती असेल तर डिस्टिल्ड वॉटरमध्ये दिवसभर बुडवून ठेवा, पाणी बदला, हात न लावता वाळू द्या. चिकट हिरवा थर असेल, तर तो बहुधा मऊ प्लास्टिकच्या पाकिटातून आलेला असतो. शुद्ध ॲसिटोनमध्ये बुडवल्यावर तो सुटतो. खिडकी उघडी ठेवा, जवळ आग नको, आणि नेलपॉलिश रिमूव्हर हे ॲसिटोन नव्हे, त्यात बाकी रसायनं असतात.

ठेवण्यासाठी पीव्हीसी नसलेली पाकिटं किंवा पारदर्शक खिडकीचे पुठ्ठ्याचे चौकोनी होल्डर घ्या. होल्डरला मारलेल्या पिना पक्कडीने चपट्या करा, नाहीतर शेजारच्या नाण्याला ओरखडतात. रबरबँड आणि वर्तमानपत्राचा कागद चांदी काळी करतो. कपाटातल्या डांबरगोळ्या नाण्यांपासून दूर. आपल्याकडे खरी परीक्षा पावसाळ्याची असते. कोकणात, मुंबईत, गोव्यात हवेत मीठही असतं आणि काशावर फिकट हिरवी भुकटी धरते. ती पसरते, म्हणून तसं नाणं दिसताच वेगळं ठेवा. घट्ट झाकणाच्या डब्यात रंग बदलणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या घाला, मे महिन्याच्या शेवटी त्या तापवून ताज्या करा आणि पावसात दर पंधरवड्याला रंग बघा.

कायद्याचं थोडं

भारतात राहणाऱ्या माणसाने परदेशी नाणी जवळ ठेवण्यावर परकीय चलन कायद्यात मर्यादा नाही; नोटांवर आहे. पण १९७२ च्या पुरावस्तू व कलानिधी कायद्याप्रमाणे शंभर वर्षं पूर्ण झालेलं नाणं पुरावस्तू ठरतं आणि खासगी व्यक्तीला ते देशाबाहेर पाठवता येत नाही. १९१८ चं सॉवरिन आणि जुनी व्यापारी डॉलर यात आली. प्रमाणपत्रासाठी परदेशी संस्थेकडे पोस्टाने नाणं पाठवायचा सल्ला कोणी दिला, तर आधी साल बघा. अशा वस्तूंचा व्यापार करायला परवाना लागतो. जमिनीत सापडलेलं नाणं वेगळ्याच कायद्यात येतं, १८७८ च्या. दहा रुपयांहून अधिक किमतीचं गुप्तधन सापडलं तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवणं बंधनकारक आहे. विकत घेतलेल्या प्रत्येक नाण्याची पावती त्याच्या नोंदीला जोडा.

वही, आणि पुढचे रस्ते

प्रत्येक नाण्याची नोंद अशी: देश, मूल्य, साल, टाकसाळीची खूण आणि ती नेमकी कुठे आहे, धातू, वजन, व्यास, केएम क्रमांक, स्थिती, कुठून आलं, किती दिले, आणि तिरक्या उजेडात काढलेले दोन्ही बाजूंचे फोटो. नोंद मराठीत ठेवा, म्हणजे घरातल्या कोणालाही वाचता येईल. संग्रह कुठे आहे आणि त्यातली कोणती नाणी मौल्यवान आहेत हे घरातल्या एकाला तरी माहीत असायला हवं.

पाहण्यासाठी रिझर्व्ह बँकेचं चलन संग्रहालय फोर्टमध्ये २००४ साली सुरू झालं, आणि नाशिकजवळ अंजनेरीला नाणेशास्त्राची संशोधन संस्था आहे. दोन्हीकडे जाण्याआधी वेळा विचारून घ्या.

पाच नाणी झाली की फाटे आपोआप फुटतात. १९१६ ते १९१८ मधल्या ऑस्ट्रेलियन पेनीवरचा ‘आय’ कोलकात्याचा आहे, पाचव्या जॉर्जच्या चेहऱ्याखाली. १९०३–०४ चं स्ट्रेट्स सेटलमेंट्सचं (सिंगापूर-पेनांगकडच्या ब्रिटिश वसाहतीचं) डॉलर पुन्हा मुंबईचं, ‘बी’ खुणेचं. जर्मन पूर्व आफ्रिकेत रुपये चालत आणि त्यांच्यावर प्रदेशाचं नाव जर्मन भाषेत आहे. गोव्याच्या वाचकांसाठी तर दारातच एक सूत्र आहे: १८८१–८२ चे पोर्तुगीज रुपये कोलकात्याच्या टाकसाळीत, ब्रिटिश रुपयाच्याच वजनाचे पाडले गेले. तिथे एका रुपयाचे १६ टांगे आणि एका टांग्याचे ६० रेइस होत. १९५८ मध्ये एका रुपयाला सहा एस्कुदो असा हिशेब आला आणि १९५८–५९ ची एस्कुदो-सेंताव्होची नाणी पुढच्या दोन-तीन वर्षांतच मुक्तीनंतर बाद झाली. त्यामुळे ती फारशी न झिजलेली, चांगल्या स्थितीत आणि अजूनही परवडेल अशा भावात मिळतात. दहा, तीस आणि साठ सेंताव्हो, एक, तीन आणि सहा एस्कुदो असा सहा नाण्यांचा संच आहे. पुरा संच एकदम विकत घेण्याऐवजी एकेक नाणं निवडून घ्या, कारण तयार संचात एखादं तरी घासलेलं घुसवलेलं असतं.